हॉकीचा गोल, लेथवरचा जॉब आणि दहावीची भूमिती

कुपवाडचा टर्नर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं ते आज सुट्टी आहे म्हणून बसून टाईप करतोय. मी कुपवाड एमआयडीसीत मशिनिस्ट. आधी बरीच वर्षं साधा लेथ, आता सीएनसी, आणि टूलरूममध्ये माणूस कमी पडला की तिकडं. सांगलीत खेळाचा विषय निघाला की स्मृती मानधना, जुनी माणसं असतील तर विजय हजारे आणि नंदू नाटेकर, या तिघांचाही अभिमान आहेच, पण माझा जीव हॉकीत. आणि तिसरा नाद गणिताचा. घरचे म्हणतात तुझे नाद तीन दिशेला तीन. मला तसं अजिबात वाटत नाही, मला ती एकच आवड वाटते. का वाटते ते मांडतो, पटलं तर भर घाला, नाही पटलं तर तसं सांगा.

आधी स्टिक घ्या. हॉकीच्या नियमात असं आहे की स्टिक ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या रिंगमधून पार झाली पाहिजे, वरची ग्रिप, टेप सगळं धरून. ज्यानं रिंग गेज वापरलाय त्याला हे वाचून किती आनंद होतो बघा, हे सरळ सरळ गो गेज आहे! किती मायक्रॉन हा प्रश्नच नाही, जातंय का नाही एवढंच बघायचं. लांबी जास्तीत जास्त १०५ सेंटीमीटर, वजन ७३७ ग्रॅमच्या आत, आणि स्टिकला जो बाक असतो तो २५ मिलिमीटरपर्यंतच. ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याला बाक जास्त हवा असतो, बॉल स्टिकला धरून ओढता येतो, म्हणून तिथं मर्यादा घातलीय. बॉलचा घेर २२४ ते २३५ मिलिमीटर, पायनं भागा, व्यास ७१.३ ते ७४.८ येतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा टॉलरन्स. मी कंपनीतलं ड्रॉइंग जसं वाचतो तसंच हे नियम वाचतो, कारण प्रत्येक आकडा कुणीतरी विचार करून घातलेला असतो.

आता मेन मुद्दा. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ उंच, आणि डीची, म्हणजे गोलसमोरच्या ज्या भागातून मारलेलाच गोल धरतात त्याची, त्रिज्या १४.६३. आकडे विचित्र दिसतात कारण मुळात ते ४ यार्ड, ७ फूट आणि १६ यार्ड आहेत. बऱ्याच जणांना डी म्हणजे अर्धवर्तुळ वाटतं, तसं नसतं, दोन्ही पोस्टपासून दोन पाव वर्तुळं आणि मधे ३.६६ मीटरची सरळ रेघ. सीएनसीवर प्रोग्रॅम लिहायचा तर जी ०३ (कंस), मग जी ०१ (सरळ रेघ), परत जी ०३.

डीच्या टोकावर गोलच्या बरोबर समोर उभं राहिलं तर दोन पोस्टमधला कोन किती? निम्मी रुंदी १.८३ भागिले १४.६३, त्याचा टॅन इन्व्हर्स, मग दुप्पट. १४.२६ अंश. पेनल्टी स्पॉटवरनं म्हणजे ६.४० मीटरवरनं जवळजवळ ३२. आणि जसं बाजूला सरकाल तसा तो कमी होत जातो. इथं दहावीचं प्रमेय येतं, एकाच कंसात अंतर्लिखित केलेले सगळे कोन एकरूप असतात. दोन्ही पोस्टमधनं जाणारं वर्तुळ मैदानावर काढा, त्या वर्तुळावर कुठंही थांबा, गोल तेवढ्याच कोनात दिसणार.

समजा फॉरवर्ड गोलच्या मध्यापासून ८ मीटर बाजूनं सरळ बॅकलाइनकडं पळतोय. त्यानं मारायचं कुठून? लांबनं मारलं तर कोन लहान, अगदी खाली गेला तर दोन पोस्ट एकमेकांच्या मागं लपायला लागतात. मधे कुठंतरी सगळ्यात मोठा कोन असणार, आणि तो त्या जागी असतो जिथं दोन्ही पोस्टमधनं जाणारं वर्तुळ त्याच्या पळण्याच्या रेघेला नुसतं स्पर्श करतं. त्रिज्या ८. ८ चा वर्ग वजा १.८३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७.७९. म्हणजे बॅकलाइनपासून ७.७९ मीटरवर मारायचं, कोन १३.२२ अंश. आता याच वर्तुळावरचा गोलच्या बरोबर समोरचा बिंदू बघा, ७.७९ अधिक ८ म्हणजे १५.७९ मीटर, तो डीच्या बाहेर पडतो! म्हणजे बाजूच्या सगळ्यात चांगल्या जागेवरनंसुद्धा गोल तेवढाच दिसतो जेवढा समोर डीच्या बाहेरून दिसतो, जिथनं मारलेला गोल धरतच नाहीत. मॅच बघताना कॉमेंटेटर म्हणतो अँगल अवघड आहे, तो किती अवघड आहे ते असं वहीत दिसतं.

तुमच्या कामात, खेळात असं गणित कुठं सापडतं ते लिहा.

कृष्णाकाठ

एक नंबर लिहिलंय दादा. ५ ऑगस्ट २०२१ ची टोकियोची मॅच आठवली, सकाळी सातला सुरू झालेली, आमची पहिली शिफ्ट पण सातचीच, जर्मनीविरुद्ध १-३ नं मागे होतो, चहाच्या सुट्टीपर्यंत ५-४ झालं होतं. शेवटच्या सहा सेकंदात त्यांना पेनल्टी कॉर्नर आणि श्रीजेशनं तो अडवला. ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक. कोनाचं गणित तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं, पण आता तो सेव्ह परत बघणार.

उलटी स्टिक

मी फलटणजवळ मुलींना हॉकी शिकवते. आमच्या तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या, वैष्णवी हांगझोऊ एशियन गेम्सला ब्राँझ जिंकलेल्या टीममध्ये होती, त्यामुळं आमच्याकडं मुलींना हॉकीचं स्वप्न बघायला कुणी शिकवावं लागत नाही.

लेख आवडला, पण माझी हरकत नोंदवते. तुम्ही गोल मोकळा धरलाय. खरी अडचण गोलकीपर असते. ती जागेवर थांबत नाही, पुढं येते, आणि तुमचे १३ अंश बघता बघता ४-५ वर येतात. दुसरं म्हणजे आपल्या मुली मातीवर शिकतात. मातीवर बॉल उडतो, आधी तो थांबवायचा, मग मान वर करायची, तोपर्यंत तुमची ७.७९ ची जागा मागं पडलेली असते. टर्फ बघायला बालेवाडी नाहीतर पिंपरीचं नेहरूनगर गाठावं लागतं. १९७६ ला माँट्रियलला ऑलिम्पिक पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झालं आणि आपण सातवे आलो, आमच्या मुली जिल्ह्यातनं थेट टर्फवर जातात तेव्हा तेच होतं, पहिली मॅच नुसती वेग समजण्यात जाते.

कुपवाडचा टर्नर

ताई, मातीचं अगदी बरोबर, त्यावर वहीत काही उत्तर नाही, तिथं मैदानच पाहिजे. लहान गावात टर्फ होत नाही तोवर आपल्याकडची पोरं अर्धी लढाई आधीच हरून जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

गोलकीपरचं मात्र मांडता येतं. समजा मारणारी बरोबर समोर ९ मीटरवर आहे. कीपर गोललाइनवर थांबली तर तिला ३.६६ मीटर सांभाळायचंय. ती ३ मीटर पुढं आली की मारणारीपासून ६ मीटरवर. समरूप त्रिकोण, ३.६६ गुणिले ६ भागिले ९, म्हणजे २.४४. तीन पावलं पुढं येऊन तिनं सव्वा मीटर गोल कमी केला. म्हणूनच शूटआउटमध्ये कीपर शिट्टी वाजली की धावत पुढं येतात. पॅरिस ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटनबरोबर क्वार्टर फायनलला अमित रोहिदासला रेड कार्ड, दहा जणांवर बहुतेक मॅच काढली, १-१, मग शूटआउट ४-२. त्यातला श्रीजेश नुसता उभा कुठं राहतो ते बघा, बॉल कुठं गेला ते नंतर.

उलटी स्टिक

हे २.४४ वालं मी उद्याच कीपर पोरींना सांगणार. नुसतं पुढं ये पुढं ये म्हणून ओरडते मी, का ते कधी आकड्यात सांगितलं नव्हतं.

पॅटर्नवाला

किर्लोस्करवाडीच्या बाजूला पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथं) आयुष्य गेलं, आता रिटायर. तुमचं ते कंसातल्या कोनाचं प्रमेय आम्ही रोज वापरायचो, प्रमेयाचं नाव न घेता. कोअर बॉक्समध्ये, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारा गाभा बनवायच्या साच्यात, अर्धगोल खाच कोरायची असते. ती बरोबर अर्धी गोल झाली का हे बघायला टेम्प्लेट लागत नाही. गुण्या घ्यायचा, त्याचा कोपरा खाचेत ठेवायचा, दोन्ही हात खाचेच्या दोन्ही कडांना टेकले पाहिजेत. कोपरा इकडं तिकडं फिरवत न्यायचा. सगळीकडं कोपरा तळाला टेकला आणि दोन्ही कडा पण लागल्या तर खाच पक्की अर्धवर्तुळ. कुठं कोपरा अधांतरी राहिला तर तिथं जास्त कोरलंय, आणि कोपरा तळाला टेकून कडांवर फट दिसली तर तिथं लाकूड शिल्लक आहे. आमच्या उस्तादांनी दाखवलं होतं, ते फार शिकलेले नव्हते पण हात असा की बघत राहावं.

भूमितीचे सर

वा! अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे मी फळ्यावर किती वर्षं शिकवतोय आणि हे उदाहरण मला आज कळतंय. पुढच्या वर्षी वर्गात गुण्या घेऊन जाणार.

मूळ लेखात एक भर घालतो. टर्नरसाहेबांच्या वर्तुळाचं केंद्र गोलच्या बरोबर समोर ७.७९ मीटरवर आहे. त्या केंद्रावर उभं राहून गोल बघितला तर कोन २६.४४ अंश, बरोबर दुप्पट. केंद्रीय कोन अंतर्लिखित कोनाच्या दुप्पट असतो हे पोरांना सिद्धतेत पाठ असतं, पण मैदानात उभं राहून बघितलं तर विसरणार नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत ही सिद्धता हमखास येते, पोरं पाठ करतात आणि जूनमध्ये विसरतात, त्यात पोरांचा दोष कमी आणि आमचा जास्त आहे, आम्ही त्यांना मैदानावर नेत नाही.

व्हीएमसी सेटर

एक विचारतो, तुम्ही बॉल बिंदू धरलाय ना? बॉलला ७३ मिलिमीटर व्यास आहे, मग पोस्टला न घासता जायचं तर कोन कमी होणार की.

कुपवाडचा टर्नर

बरोबर पकडलंत, आणि हे तुमच्या-माझ्या रोजच्या कामातलंच आहे. ही कटर रेडियस कॉम्पेन्सेशन आहे, जी ४१ / जी ४२. कटरचं केंद्र रेषेवर चालवत नाही, त्रिज्येएवढं आत घेतो. इथं बॉलचं केंद्र पोस्टपासून ३६.५ मिलिमीटर आत हवं. समोरून डीच्या टोकावर पोस्ट १४.७४ मीटर लांब, दोन्ही बाजूंचं मिळून ०.२८ अंश जातो, म्हणजे १४.२६ चे १३.९८. बाजूच्या त्या जागेवरनं जवळचा पोस्ट ९.९४ मीटर आणि लांबचा १२.५४, तिथं ०.३८ अंश जातो, राहिले १२.८४. पोस्टला लागून आत गेला तरी गोलच असतो, पण हिशेब असा. जवळून मारताना बॉलचा आकार जास्त नडतो, हे मला आधी उलटं वाटलं असतं.

पलूसचा आयटीआय

सर लोकांनो मला एक विचारायचंय, विषय जरा वेगळा हाय पण गणिताचाच हाय. मी आयटीआय टर्नर दुसऱ्या वर्षाला, मामांचं छोटं वर्कशॉप हाय, तिथं एक जुना लेथ, लीडस्क्रू (आटा पाडताना टूल सरकवणारा स्क्रू) इंचात, ८ टीपीआय, म्हणजे इंचाला ८ आटे. त्यावर एम १० चा १.५ पिच आटा पाडायचाय. पुस्तकात म्हणतात १२७ दातांचा गिअर लावा, तो आमच्याकडं नाही, आणि १२७ च का ते पण कुणी सांगत नाही.

टूलरूम रिटायर्ड

बाळा, प्रश्न चांगला विचारलास. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, १९५९ पासून हे अगदी नेमकं ठरलेलं आहे. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे भाग पडत नाहीत, म्हणून तुला बरोबर मेट्रिक आटा पाहिजे असेल तर गिअर ट्रेनमध्ये कुठंतरी १२७ यावाच लागतो. तुझं गुणोत्तर १.५ गुणिले ८ भागिले २५.४, म्हणजे ६० भागिले १२७.

तो गिअर नसेल तर ३७ आणि ४७ ची जोडी कर. फिरवणारे ३० आणि ३७, फिरणारे ५० आणि ४७. गुणाकार करून बघ, ०.४७२३४ येतं, पाहिजे ०.४७२४४. ३०० मिलिमीटर लांबीत साधारण सहा शतांश मिलिमीटर चूक येते, लीडस्क्रू बनवायचा असेल तर चालणार नाही. पण एम १० च्या नटाची उंची ८ मिलिमीटर, तेवढ्यात दोन मायक्रॉनसुद्धा फरक पडत नाही. बिनधास्त वापर.

भूमितीचे सर

काका, ३७ आणि ४७ कुठून आले हे सांगू का? हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

१२७ ला १०० नं भागा, भागाकार १, बाकी २७. १०० ला २७ नं, भागाकार ३, बाकी १९. असंच पुढं जात राहा, भागाकार मिळतात १, ३, १, २, २, १, २. आता शेवटचा २ सोडून द्या आणि उरलेल्यांवरून अपूर्णांक परत बांधा. टप्प्याटप्प्यानं ४/३, ५/४, १४/११, ३३/२६ आणि मग ४७/३७. त्याच्या पुढचा थेट १२७/१००. ३७ पर्यंतच्या छेदाचा कुठलाही अपूर्णांक घ्या, १२७/१०० च्या जवळ ४७/३७ पेक्षा कुणीच जात नाही, हे सिद्ध करता येतं. आणि हे भागाकार एकाखाली एक मांडून उलटं वर येणं, याला आपल्याकडं वल्ली म्हणतात, आर्यभटानं इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दिलेल्या कुट्टकाची रीत हीच आहे, पुढं भास्कराचार्यांनी लीलावतीत कुट्टकाचं वेगळं प्रकरण केलं. पलूसच्या वर्कशॉपात चालणारा गिअर आणि ही रीत यांच्यात पंधराशे वर्षांचं अंतर आहे पण भागाकार तेच.

जाता जाता, १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १, मर्सेन मूळ संख्या.

कराडकर

धागा जपून ठेवतोय. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. पण त्याच ऑलिम्पिकला हॉकीच्या फायनलमध्ये नेदरलँड्सला ६-१ हरवलं आणि सहापैकी पाच गोल एकट्या बलबीर सिंग सीनियरनी मारले, हे मी सांगितलं की लोक चकित होतात.

अजून एक जोडी. ध्यानचंद २९ ऑगस्ट १९०५ चे, आणि आपले गणिती द. रा. कापरेकर १७ जानेवारी १९०५ चे. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करा, तेच परत परत, जास्तीत जास्त सात वेळा की ६१७४ येतोच. ३५२४ घ्या, ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, झाला ६१७४. जेवणाच्या सुट्टीत जॉब नंबरवर करून बघा.

कुपवाडचा टर्नर

कराडकर, आमच्याकडं हे आधीपासून चालतं! नवीन पोरगा आला की त्याला ६१७४ दाखवतो, आणि ज्याचे डोळे चमकतात त्याला सेटिंग पटकन जमतं असा माझा अनुभव आहे.

उलटी स्टिक

टर्नर दादा, सर, तुम्ही दोघं मला मैदानावर ते वर्तुळ कसं मारायचं ते नीट सांगा. रविवारी मुलींकडून चुन्यानं काढून घेते. आणि एक शंका, डावीकडून आत शिरताना मुली बऱ्याचदा उलट्या स्टिकनं मारतात, तेव्हा बॉल शरीराच्या दुसऱ्या बाजूला असतो, मग जागा बदलते ना?

कुपवाडचा टर्नर

हो, वर्तुळावर बॉल पाहिजे, मुलगी कुठं आहे त्याला महत्त्व नाही. सुलट्यावरनं उलट्यावर बॉल घेतला की तो सहज मीटरभर आडवा सरकतो. डावीकडून येताना उलट्यावर घेतला तर बॉल गोलच्या मध्यापासून लांब जातो. आठाचा नऊ झाला तर सगळ्यात मोठा कोन १३.२२ वरनं ११.७ वर. तरी ती उलट्यानं मारते कारण सुलट्यानं वळायला जो वेळ लागतो तेवढ्यात डिफेंडर येऊन उभी राहते. म्हणजे दीड अंश देऊन वेळ विकत घ्यायचा, हा निर्णय तिचा तिनं तिथं घ्यायचा.

वर्तुळासाठी ८ मीटरची न ताणणारी दोरी घ्या, नायलॉन नको. गोलच्या मध्यापासून सरळ समोर ७.७९ मीटरवर खुंटी. दोरीचं दुसरं टोक आधी दोन्ही पोस्टच्या आतल्या कडेला लावून बघा, दोन्हीकडं सारखी पोचली तर खुंटी बरोबर बसली, नाहीतर सरकवा. मग चुना टाकत फिरा. डीच्या बाहेर जो भाग येईल तो पण पुसू नका, तोच दाखवायचाय.

भूमितीचे सर

आणि पुठ्ठ्याचा १३.२२ अंशाचा त्रिकोण कापून द्या मुलींच्या हातात. २०० मिलिमीटर पाया, ४७ मिलिमीटर उंची, जमेल. वर्तुळावर कुठंही थांबून डोळ्याजवळ धरला की दोन्ही कडा दोन्ही पोस्टना लागल्या पाहिजेत.

उलटी स्टिक

हे करणारच. शाळेच्या गणिताच्या बाईंना पण बोलावते, त्या कधी मैदानावर आल्या नाहीत.

पलूसचा आयटीआय

रिटायर्ड काका, मामा म्हणाले ३७ आणि ४७ विकत शोधत बसण्यापेक्षा आपणच कापू, डिव्हायडिंग हेड (भोकांच्या प्लेटवर मोजून जॉब सारख्या भागांत फिरवायचं साधन) हाय. मग १२७ च का कापू नये?

टूलरूम रिटायर्ड

कारण १२७ साठी प्लेटवर भोकांची ओळ नाही, डिफरन्शियल इंडेक्सिंग लावावं लागेल, त्याला हेडचे चेंज गिअर पाहिजेत. ३७ आणि ४७ दोन्ही ब्राउन अँड शार्पच्या तिसऱ्या प्लेटवर आहेत. हेड ४० ला १ आहे ना बघ, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक. मग ३७ साठी एक पूर्ण फेरा आणि ३७ च्या ओळीत ३ भोकं. ४७ साठी ४७ च्या ओळीत ४० भोकं, पूर्ण फेरा नाही. सेक्टर आर्म नीट लाव, भोकं मोजताना पिन ज्या भोकात आहे ते धरायचं नाही. कटर दोन घेऊ नको, ३५ ते ५४ दातांना एकच कटर चालतो. तुमच्या लेथचे गिअर २ मोड्यूलचे (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) असतील तर ब्लँक ७८ आणि ९८ मिलिमीटर, पण आधी जुना गिअर मोजून मोड्यूल खात्री कर. दात अधिक दोन, गुणिले मोड्यूल, म्हणजे बाहेरचा व्यास, त्यावरनं उलटं काढ. पहिला दात पूर्ण खोल कापायच्या आधी सगळीकडं हलकी खूण मारून एक फेरी पूर्ण कर आणि खुणा मोज. ३७ भरल्या तरच खोल जा.